फिरतीवरची पेटी

बोईसरला पाहायला म्हणून कोणी जात नाही. माणसे तिथे नोकरीला जातात, बदलीवर जातात, नाहीतर एखाद्या लग्नाला जाऊन त्याच दिवशी परततात. परत आल्यावर त्यावर काही लिहावे असे तर कुणालाच वाटत नाही. मी गेलो तो पेटी आणायला.

पेटी म्हणजे हार्मोनियम, माझी पत्नी एस्तेर हिची. एस्तेर शाळेत संगीत शिकवायची. निवृत्त झाल्यावर दर महिन्याला नाशिकहून एस.टी. पकडून ती बोईसरला जाई आणि तिथल्या एका लहानशा ख्रिस्ती संगतीत, म्हणजे प्रार्थनेला जमणाऱ्या मंडळीत, गीते शिकवी. घाटातून पेटी नेणे-आणणे झेपेना, म्हणून पेटी तिकडेच राहिली. गेल्या पावसाळ्यात एस्तेर वारली. तिच्या साड्या नातलगांनी वाटून घेतल्या, स्वेटर कुणाला तरी देऊन टाकले. चष्मा राहिला, कारण दुसऱ्याच्या चष्म्याचा कुणाला उपयोग होत नाही. आणि पेटी राहिली, कारण ती घरात नव्हतीच.

मी निवृत्त ग्रंथपाल. मला सुरांतले काही कळत नाही. भाता दाबला की पेटीतून हवा निघते एवढे माहीत होते, आणि मला तेवढेच हवे होते. रिकाम्या घरात आपल्याशिवाय आणखी कशाचा तरी श्वास ऐकू यावा. हे फोनवर सांगण्यासारखे नव्हते. म्हणून संगतीचे अध्यक्ष जोसेफराव यांना मी एवढेच म्हणालो, "पेटी घरी न्यावी म्हणतो."

"जरूर न्या, तुमचीच वस्तू," जोसेफराव म्हणाले, आणि त्यांनी घसा साफ केला. घसा साफ करणाऱ्या अध्यक्षापासून सावध राहावे, हे मंडळीत जन्म काढलेल्या मला कळायला हवे होते. "फेब्रुवारीत आमचं शिबिर आहे. विषय आहे, 'आपण एकमेकांचे शिक्षक, एकमेकांचे विद्यार्थी'. पुण्याहून मोठे वक्ते येताहेत. तेव्हाच या. तुम्हीही दोन शब्द बोला."

"कशावर?"

"शोकातून काय शिकावं, यावर. तुम्हाला तर ताजा अनुभव आहे."

ताजा मासा आणि ताजा विधुर यांत आमच्या मंडळीला फारसा फरक करता येत नाही. दोन्ही खराब व्हायच्या आत वापरून टाकायचे असतात.

बोईसर, शुक्रवार

जव्हारचा घाट उतरून पालघर जवळ आले की हवेत दमटपणा येतो आणि नाशिकच्या माणसाचा सदरा पाठीला चिकटतो. पालघरला जोसेफराव मोटारसायकल घेऊन उभे होते. पन्नाशीचे, टापटिपीचे, एका कारखान्यात सुपरवायझर. मागे बसून मी भाताची रिकामी खाचरे पाहत गेलो. खुंट राहिले होते आणि मधूनच वालाचे हिरवे पट्टे दिसत होते.

रसायनांच्या कारखान्यांमुळे बोईसर आधी नाकाला कळते, मग डोळ्यांना. मी रुमाल काढला तसे जोसेफराव वळून म्हणाले, "आज काहीच नाही. पावसाळ्यात या म्हणजे कळेल." आम्ही नाशिककर पाहुण्याला द्राक्षांबद्दल ज्या सुरात सांगतो, तोच हा सूर होता.

संगतीचा हॉल एका हार्डवेअरच्या दुकानावर आहे. जिन्यात रंगाचे डबे, वर पांढरी भिंत, तिच्यावर क्रूस, आणि क्रूस अर्धा झाकेल असा शिबिराचा फलक. फलकावर विषय बारीक अक्षरांत होता आणि पुण्याच्या वक्त्यांचा फोटो मोठा. त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. त्यांनी 'परस्पर-शिक्षण' याच गोष्टीवर डॉक्टरेट मिळवली होती. एकमेकांकडून शिकण्याबद्दल ते दीड तास बोलले. हॉलमध्ये ध्वनिक्षेपक एकच होता आणि तो त्यांच्या हातात होता. खुर्च्या सगळ्या त्यांच्याकडे तोंड करून मांडलेल्या. मागून कुणीतरी हात वर केला तेव्हा डॉक्टर गोड हसून म्हणाले, "प्रश्न शेवटी घेऊ." शेवटी चहा आला.

मध्ये एकदा मात्र त्यांनी आम्हाला संधी दिली. "आता शेजाऱ्याकडे वळा," ते म्हणाले, "आणि त्याला सांगा, मी तुमच्याकडून शिकायला आलो आहे."

मी वळलो. शेजारी साठीच्या आसपासची एक शेतकरीण बसली होती, खोचलेले लुगडे, कपाळ मोकळे. ही कमळीबाई. उमरोळीच्या पुढे तिचे घर आणि थोडी कोरडवाहू जमीन.

"मी तुमच्याकडून शिकायला आलो आहे," मी म्हणालो.

तिने मला नीट पाहून घेतले. "काय शिकायचं हाय?"

हा प्रश्न सूचनेत बसत नव्हता. "ते त्यांनी सांगितलेलं नाही," मी म्हणालो.

"मंग सांगितल्यावर या." मग पुन्हा वळून ती म्हणाली, "तुमी आमच्या बाईंचे मालक ना? पेटी न्यायला आलात."

"हो."

"ह्या वयात पेटी शिकनार?"

"शिकणार नाही. ठेवणार."

"ठेवनार," ती म्हणाली, आणि मी काहीतरी लाजिरवाणे बोललो असावे तशी समोर पाहू लागली.

रात्रीच्या जेवणाआधी मी जोसेफरावांना विचारले, "पेटी हॉलमध्ये दिसली नाही?"

त्यांनी पुन्हा घसा साफ केला. "पेटी फिरतीवर असते."

मग त्यांनी जरा संकोचाने बाईंची पद्धत सांगितली. पेटी दर महिन्याला एका घरी असे. ज्याच्या घरी पेटी, त्याने शिकायला येईल त्याला जेवायला घालायचे. आणि बाईंनी प्रत्येकाला एकच गीत शिकवलेले. एकाचे गीत दुसऱ्याला कधी दिले नाही. कुणाला दांडीच्या रोझीचे गीत हवे असेल तर त्याने दांडीला जाऊन रोझीकडून घ्यावे, कमळीचे हवे तर उमरोळी गाठावी.

"चांगल्या होत्या हो बाई," जोसेफराव म्हणाले, "पण पद्धत जरा विस्कळीत होती. एकाला एक येतं, दुसऱ्याला दुसरं. पूर्ण असं कुणालाच येत नाही. मी किती वेळा म्हटलं, सगळी गीतं एकदा छापून टाकू."

 ही सूचना मीही केली होती. अनुक्रमणिकेसह नीट बांधलेले पुस्तक करून देतो म्हणालो होतो. एस्तेर भाजी निवडत होती. "पुस्तक दिलं," ती म्हणाली, "की मग कोण कुणाकडे जाईल?" ग्रंथपालाला हा प्रश्न कळतच नाही. पुस्तक असताना कुणाकडे जायचेच कशाला?

"सध्या पेटी दांडीला आहे," जोसेफराव म्हणाले. "उद्या सायमन तुम्हाला नेईल. माझं इथे सत्र आहे, 'नम्रतेने ऐकावे कसे'. मीच बोलणार आहे."

दांडी, मुरबे, उमरोळी: शनिवार

सायमन झारखंडचा. तारापूरच्या बाजूला कारखान्यात काम करतो, शनिवारी त्याची सुट्टी. हसरा, बोलका, आणि चहाचा विलक्षण नाद असलेला. रिक्षात बसण्याआधी चहा झाला. नाक्यावर उतरून पुन्हा चहा झाला. मी घाई केली की तो माझ्या दंडाला धरून एखाद्या टपरीकडे वळवी.

"सर, आप थके हुए हैं।"

"मी थकलेलो नाही."

"नाशिक से आए हैं, थकेंगे ही।"

आणि मग बाजूला जाऊन फोनवर हळू आवाजात काहीतरी सांगून हसे. माझ्या पुढेपुढे पेटी हलवण्यासाठी ही चहाची योजना होती, हे मला दुपारी कळले. वाचकाला ते आत्ताच कळलेले बरे. मी एकटाच पुरेसा मूर्ख ठरलो होतो.

दांडी समुद्रावर आहे. किनाऱ्यावर सुरूची झाडे, ओढून ठेवलेल्या होड्या, आणि बांबूंवर दोऱ्या बांधून त्यांवर टांगलेले बोंबील. दुरून पाहिले तर कुणाच्या तरी घरचे पुष्कळसे मोजे वाळत घातले आहेत असे वाटते. जवळ गेल्यावर वाटत नाही. नाशिकला आम्ही सुकी मासळी बंद डब्यात आणतो आणि शेजाऱ्यांना कळू नये म्हणून खिडक्या लावून शिजवतो. इथे तर गावचे गाव उघड्यावर वाळत होते आणि कुणाला त्याचे काही नव्हते.

रोझी दांडीची सून, माहेर वसईकडचे. सकाळी कॅथलिक चर्चला जाते आणि संध्याकाळी या संगतीत गायला येते. दोन्हीकडच्या धर्मगुरूंना हे माहीत आहे आणि दोघांनाही ते पसंत नाही. तिने मला ओसरीवर बसवले, तांदळाची भाकरी आणि तळलेले ओले बोंबील पुढे ठेवले.

"पेटी?" मी विचारले.

"आधी जेवा."

जेवण झाले. "पेटी?"

"ती तर मुरब्याला गेली. माज्या बहिनीकडं. महिना झाला ना."

"आज तर महिन्याचा मधलाच दिवस आहे."

"तुमी लय हिशेबी बुवा," रोझी म्हणाली. "बाई अशा नव्हत्या. बरं, बाईंनी तुमाला कुठलं गाणं दिलंय?"

"मला? एकही नाही."

तिने हातातले ताट खाली ठेवले आणि आत डोकावून कुणाला तरी सांगितले, "ऐकलं का, ह्यांना एकबी नाय!" मग माझ्याकडे वळली. "एवढी वर्सं एका घरात राहून? काय करत होतात?"

"वाचत होतो."

"अरे देवा," रोझी म्हणाली. तिच्या आवाजात खरी कणव होती. पत्नीच्या मृत्यूनंतर मला पुष्कळ सांत्वनपत्रे आली, त्यांपैकी एकातही एवढी नव्हती.

वाटेत नाक्यावर पुन्हा चहा घेऊन मुरब्याला पोचलो, तर रोझीच्या बहिणीच्या घराला कुलूप होते. पायरीवर एक म्हातारा जाळे सांधत बसला होता. मी पेटीबद्दल विचारले तसे तो मान वर न करता म्हणाला, "गेली टेम्पोत. उमरोळीला. आताच."

"आत्ताच म्हणजे केव्हा?"

"तुमी नाक्यावर चाय पीत होतात तवा."

मी सायमनकडे वळून पाहिले. सायमन समुद्राकडे पाहत होता.

"सायमन."

"सर, मैंने झूठ नहीं बोला। आपने पूछा ही नहीं कि चाय क्यों पिला रहा हूँ।"

मी रागावलो. मला फारसे नीट रागावता येत नाही, वाक्ये लांबतात. वस्तू कायदेशीररीत्या कुणाची, विश्वास म्हणजे काय, एका शोकग्रस्त माणसाशी कसे वागावे, असे बरेच काही मी त्या वाळूत उभा राहून बोललो. त्याने शांतपणे ऐकले. जोसेफरावांच्या सत्रापेक्षा इथे नम्रतेने ऐकणे जास्त चालले होते. मग तो म्हणाला,

"सर, पेटी चली गई तो कौन किसके घर जाएगा? मेरे रूम में सब शिफ्टवाले हैं। एक सोता है तो दूसरा उठता है। रोज़ी दीदी के घर, कमळी माँ के घर, मैं ऐसे ही जाकर थोड़ी बैठ सकता हूँ? पेटी है तो बोलता हूँ, गाना सीखने आया।"

मी म्हणालो, "पण ती माझ्या बायकोची आहे."

"हाँ सर," सायमन म्हणाला. "इसीलिए तो."

उमरोळीपर्यंत आम्ही कुठे उतरलो नाही. चहाही घेतला नाही.

कमळीबाईचे घर गावापासून थोडे आत, कुडाच्या भिंतींचे, सारवलेले. अंगणात मडके उपडे घालून भोवती जाळ केला होता. आत वालाच्या शेंगा आणि कंद शिजत होते. त्याला उकडहंडी म्हणतात. घरात एका खाटेवर गोधडीखाली काहीतरी चौकोनी होते.

"ते काय आहे?" मी विचारले.

"ती आजारी हाय," कमळीबाई म्हणाली.

"कोण?"

"पेटी. दोन सूर लागत नाय. अशी आजारी कुठं घाटात नेता? ऱ्हाऊ द्या पाऊस सरंपर्यंत."

"आत्ता फेब्रुवारी आहे."

"येलच की पाऊस."

इतक्यात घरामागून रोझीही पुढे आली. टेम्पोत पेटीबरोबर तीच बसून आली असणार, पण मी विचारले नाही. मडके उघडले. शेंगांना ओव्याचा आणि धुराचा वास होता. आम्ही केळीच्या पानांवर, हात भाजत खाल्ले. माझ्या मांडीवर एक गरम कंद पडला आणि माझी एकुलती एक बरी पँट डागाळली, तेव्हा सगळे मोकळेपणाने हसले. मी उठलो, गोधडी दूर केली आणि म्हणालो, "मी ही उद्या नेणार."

 कमळीबाईने पेटी खाली ओढली, भाता सोडला आणि म्हणाली, "न्या. पन आमच्या घरी आली हाय तर एकदा गाऊ."

ते तिला बाईंनी दिलेले गीत होते. संध्याकाळचे, साधे. देवाला घरी बोलावणारे. माझ्या माहितीत ते कुठल्याही पुस्तकात नाही, एस्तेरनेच केले असावे. कमळीबाई बेसूर वाजवत होती, सायमन सगळे मराठी शब्द झारखंडी करून गात होता, रोझी चर्चमधल्यासारखी शेवट लांबवत होती. तिसऱ्या ओळीला आले:

"ये माझ्या..."

आणि सगळे थांबले. मध्येच. ओळीचा अर्थ अर्धवट टाकून. भाता दाबलेला, बोटे पट्टीवर, तोंडे उघडी. मग एकदम सगळे मिळून म्हणाले,

"...दारी, उंबऱ्याशी बैस."

पुढच्या कडव्यातही तिथेच थांबले, तेवढेच.

आम्ही नाशकात दुसऱ्या मजल्यावर राहतो. शेवटच्या वर्षी एस्तेर जिन्याच्या वळणावर थांबायची. एका हाताने कठडा धरून, पर्समध्ये किल्ली शोधल्यासारखे करायची. किल्ली माझ्याकडे असायची, हे दोघांनाही माहीत असे. मी वरच्या पायरीवर उभा राहून वाट पाही. ते थांबणे किती लांबीचे होते हे माझ्या अंगात बसले आहे. कमळीबाईला हे गीत तिने त्याच वर्षी शिकवले होते. मध्ये तिला दम लागला असणार, ती थांबली असणार, आणि शिकणाऱ्या बाईने तेही गीतच समजून उचलले. मग कमळीकडून रोझीने घेतले, रोझीकडून सायमनने.

"कसं झालं?" रोझीने विचारले.

मी म्हणालो, "धूर फार आहे." आणि अंगणात गेलो. जाळ केव्हाच विझला होता.

बोईसर, रविवार

रविवारी समारोप. पेटी त्यांनी स्वतःच टेम्पोतून हॉलमध्ये आणली. जोसेफरावांनी तिला फुलांची माळ घातली, ते पाहून तीही वारल्यासारखी दिसू लागली. डॉक्टरांनी शिबिरार्थींना अभिप्राय विचारले आणि स्वतःच ते सारांशाने सांगितले. मग जोसेफराव म्हणाले, "आता बाईंच्या आठवणीसाठी एक गीत," आणि कमळीबाई पुढे झाली.

तिसरी ओळ आली. हॉलमधले निम्मे लोक थांबले. निम्मे पुढे गेले आणि गोंधळून परत आले.

गीत संपल्यावर डॉक्टर उठले. त्यांना संगीतही येत होते. "सुंदर," ते म्हणाले, "परंतु तिसऱ्या ओळीत ताल तुटतो. 'ये माझ्या' नंतर थांबायचं काहीच कारण नाही. अर्थही तुटतो. ऐकीव शिक्षणात अशा चुका शिरतात आणि एकाकडून दुसऱ्याकडे जातात. हे आपण आजच दुरुस्त करून घेऊ. सगळे माझ्यामागे म्हणा."

जोसेफरावांचा चेहरा उजळला. "आणि डॉक्टर, दुरुस्त करून छापूनच टाकू. एकच पुस्तक, एकच चाल. मग पेटी नसली तरी अडणार नाही."

कमळीबाईने पट्टीवरून बोटे काढून मांडीवर ठेवली होती. ती मान खाली घालणारी बाई नव्हे, पण त्या क्षणी तिने घातली. "बाईंनी असंच सांगितलं व्हतं," ती हळू म्हणाली. ध्वनिक्षेपक तिच्याकडे नव्हता, तेव्हा ते पुढच्या दोन रांगांपलीकडे पोचले नाही.

डॉक्टरांनी हात उचलला. आणखी एका क्षणात सगळा हॉल तिसरी ओळ सलग म्हणणार होता आणि जिन्याच्या वळणावर कुणी थांबणार नव्हते.

"माझे दोन शब्द राहिलेत," मी म्हणालो.

जोसेफरावांनी आनंदाने ध्वनिक्षेपक माझ्या हातात दिला. शोकातून काय शिकावे, यावर मी नाशकात बरीच पाने लिहून आणली होती. ती पिशवीतच राहिली.

"मी ग्रंथपाल आहे," मी सांगितले. "या गीताचा थांबा मी तपासलेला आहे. मूळ प्रतीत तो आहे. तिसऱ्या ओळीत, 'माझ्या'नंतर. कमळीबाई बरोबर आहेत."

डॉक्टरांनी हात खाली घेतला. "असं? कोणती आवृत्ती?"

"पहिली."

"मला संदर्भ मिळेल का? माझ्या अभ्यासासाठी."

"प्रत एकच होती," मी म्हणालो. "ती आता उपलब्ध नाही."

आयुष्यभर मी लोकांना संदर्भ अचूक द्यावा असे बजावत आलो. त्या दिवशीचा मात्र बरोबर होता असे माझे मत आहे. डॉक्टरांनी खिशातून पेन काढून टिपून घेतले. ते आता पुण्यात कुठेतरी पुढच्या शिबिरात सांगत असतील. सांगोत बिचारे.

"मग थांबा ठेवूनच छापू," जोसेफराव म्हणाले.

"छापताना किती वेळ थांबायचं ते कसं दाखवाल?" मी विचारले. ते विचारात पडले. माझ्या माहितीप्रमाणे अजून आहेत.

जिन्याखाली, रंगाच्या डब्यांमध्ये, पेटी दोरीने बांधली गेली. मी कमळीबाईला म्हणालो, "राहू द्या हवं तर इथेच." माझ्याकडून हे असे अनपेक्षित निघाले. एवढ्या लांबून आलो होतो, आणि पुढे रिकामे घर होते, तरी निघाले.

"नाय," ती म्हणाली. "आता नंबर तुमचा. न्या."

"माझ्याकडे तर गाणंच नाही."

"म्हनून तर."

मी भारावून गेलो. माणसे किती उदार असतात, असे काहीतरी एस.टी.त मनाशी जुळवीत आलो. 'नंबर' या शब्दाकडे मी लक्ष दिले नाही. शब्दांवर पोट भरलेल्या माणसाकडून हे व्हायला नको होते.

नाशिक

पेटी एस्तेरच्या खुर्चीशेजारी ठेवली. रोज संध्याकाळी झाकण उघडून थोडा भाता दाबत असे. हवा यायची. सूर काढण्याचे धाडस केले नाही. माझे घर, माझी पेटी, माझा शोक, सगळे नीट जागच्या जागी लागले होते, कपाटात पुस्तके लावावीत तसे.

पुढच्या महिन्यात एका शनिवारी दुपारी दार वाजले. दारात कमळीबाई, मागे रोझी, तिच्या मागे सायमन. तिघेही एस.टी.तल्या प्रवासाने चुरगळलेले. आणि खालच्या मजल्यावरचे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, रोझीच्या पिशवीतल्या सुक्या बोंबलांचा माग काढत जिना चढत आलेले.

"हे तुमच्याकडे आलेत का?" त्यांनी नाकाला रुमाल लावून विचारले.

"हो," मी म्हणालो. "आज काहीच नाही. पावसाळ्यात या म्हणजे कळेल."

कमळीबाई तोवर स्वयंपाकघरात पोचली होती. "पेटी जिथं, जेवन तिथं," तिने आतून सांगितले. "काय केलंय?"

मी पाव आणून ठेवला होता. तिने तो पाव उचलून, पाहून, पुन्हा जागेवर ठेवला. रोझीने पिशवी उघडली. सायमन चहाचे भांडे शोधू लागला आणि ते त्याला माझ्याआधी सापडले. खिडक्या लावायला मी उठलो, तर रोझी म्हणाली, "कशाला? काय चोरून आनलंय का?" खिडक्या उघड्याच राहिल्या. बोंबलांचा वास गंगापूर रोडपर्यंत गेला असावा.

जेवण झाल्यावर मला पेटीपुढे बसवण्यात आले. मी नको म्हणालो, वय सांगितले, बोटांच्या सांधेदुखीचा त्रास सांगितला. कमळीबाईने माझे बोट धरून पट्टीवर ठेवले. "तुमी मला म्हनालात ना, शिकायला आलोय? आता सांगते काय शिकायचं."

पहिल्या दोन ओळी कशाबशा झाल्या. सायमन तोंड दाबून हसत होता. तिसऱ्या ओळीला माझा जीव घाईला आला. ती लवकर संपवून टाकावी म्हणून मी सलग म्हणू लागलो, "ये माझ्या दा..."

कमळीबाईचा हात माझ्या हातावर पडला.

"थांबा," ती म्हणाली. "हितं बाई थांबायच्या."

मी थांबलो. भाता दाबलेला होता, बोट पट्टीवर होते.  त्या थांब्याची लांबी या लोकांत मला एकट्यालाच मोजून माहीत होती, असे मी समजत होतो. त्यांनाही माहीत होती. आम्ही सगळे मिळून तेवढेच थांबलो, आणि मग पुढचा शब्द म्हटला.